मदनकोद्रव

ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या बांधवगड व्याघ्र प्रकल्पात १३ हत्तींच्या एका कळपाने कोदोच्या शेतात पोटभर चारा खाल्ला. पुढच्या तीन दिवसांत त्यांतले १० हत्ती दगावले. कोणीतरी विष घातले असावे, असा पहिला संशय होता. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत नमुने तपासले गेले, तेव्हा त्यांत सायक्लोपियाझोनिक आम्ल सापडले. ते कोणी फवारलेले नव्हते. उभ्या पिकावर वाढलेल्या बुरशीने ते तयार केले होते.

शहरातल्या वाचकांना ही बातमी चमत्कारिक वाटली, कारण त्यांच्या ओळखीचे कोदो म्हणजे मधुमेह्यांसाठी पाकिटातून मिळणारे पौष्टिक भरडधान्य. मध्य भारतातल्या खेड्यांत मात्र चढणाऱ्या कोदोला वेगळे नावच आहे, ‘मतौना’. आणि त्याच्याही फार आधी, दीड हजार वर्षांपूर्वीच्या संस्कृत ग्रंथांत या धान्याला एक देखणे नाव मिळाले होते : मदनकोद्रव.

नाव वाचून कामदेव आठवतो, पण इथला मदन त्याच्याआधीचा आहे. ‘मद्’ या धातूचा अर्थ धुंद होणे, भान हरपणे. मद्य, मत्त, उन्माद, प्रमाद हे सगळे त्याच घरातले. मराठीतला माज आणि मातणे हे शब्दही प्राकृताच्या वाटेने तिथूनच आले. जो कोद्रव खाल्ल्यावर माणूस मातल्यासारखा होतो, तो मदनकोद्रव. उत्तरेतला ‘मतौना’ याच कुळातला. मराठीत या धान्याला कोद्रा म्हणतात आणि कोकणात हरीक, कन्नडमध्ये ‘हारक’. सुपारी ‘लागते’, तसा हरीकही लागतो. खाल्लेल्या अन्नाने डोके गरगरले, तर मराठी माणूस हेच साधे क्रियापद वापरतो.

धान्यांच्या उतरंडीत कोद्रवाची जागा कायम तळाशी राहिली. सुश्रुताने त्याची गणना कुधान्यांत केली. कर्मभूमीत जन्म घेऊनही तप न करणाऱ्या माणसाचे वर्णन करताना भर्तृहरीने नीतिशतकात कोद्रवाच्या शेताला कापराचे कुंपण घालणारा मूर्ख उभा केला. म्हणजे जगातले सर्वांत हलके पीक म्हणून त्याला कोद्रवच आठवला. पण डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत, जिथे भात होत नाही, तिथे नाचणी-वरीच्या जोडीने हरीकच उभा राहायचा. कमी पावसात येणारे, कोठारात वर्षानुवर्षे टिकणारे हे धान्य होते. ते गरिबाचे रोजचे जेवण होते आणि म्हणूनच त्याचे मातणे हा गरिबाच्या घरचा अनुभव होता.

तो अनुभव कसा असतो, याच्या नोंदी गेल्या शतकभरातल्या वैद्यकीय लिखाणात सापडतात. जेवणानंतर काही वेळाने गुंगी येते, चक्कर येते, हातपाय थरथरतात, उलट्या होतात, जीभ जड होऊन बोलणे अडखळते. बहुतेक माणसे दिवसभरात सावरतात. पीक तयार होताना आणि कापणीच्या वेळी पाऊस लागला की हा त्रास वाढतो. लखनौच्या प्रयोगशाळेतल्या राव आणि हुसेन या संशोधकांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की ॲस्परजिलस वर्गातल्या बुरशी कोदोच्या दाण्यावर वाढतात आणि सायक्लोपियाझोनिक आम्ल तयार करतात. स्नायूंच्या पेशींत कॅल्शियम उपसून जागेवर ठेवणारी एक यंत्रणा असते; हे आम्ल नेमके तिलाच अडवते. त्यातली सर्वांत अडचणीची बाब अशी की बाधलेला दाणा आणि चांगला दाणा सूपभर पाखडूनही डोळ्यांनी वेगळा काढता येत नाही.

धान्यातल्या बुरशीचे दुसरे प्रसिद्ध विष याच्या अगदी उलट वागते. युरोपात राय या धान्यावर पडणारा अरगट रोग दाण्याच्या जागी काळसर, वाकडी नखी उगवून आणतो. ‘अरगट’ हा शब्दच कोंबड्याच्या पायावरच्या आरीसाठी असलेल्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आला. ही नखी पिठात दळली गेली की माणसांना आकडी यायची, अंगाची आग व्हायची, हातापायाची बोटे काळी पडून गळायची. मध्ययुगातल्या लोकांनी त्या आगीला संत अँथनीचे नाव दिले. अकराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये या रुग्णांची सेवा करणारा एक पंथच उभा राहिला. त्या पंथाच्या इझेनहाइमच्या मठासाठी चित्रकार ग्रुनेवाल्डने १५१२ ते १५१६ या काळात रंगवलेल्या वेदीचित्रात क्रुसावरच्या ख्रिस्ताची कातडी फोडांनी भरलेली आहे, आणि एका कोपऱ्यात सुजलेला, व्रणांनी भरलेला रोगी पडला आहे. ते चित्र पाहणाऱ्या रुग्णाला कळायचे की आपले दुखणे देवाच्याही अंगावर आहे. ही आग रायच्या दाण्यातून येते, हे फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे दोदार नावाच्या वैद्याने मांडले ते १६७६ मध्ये.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला अरगट ओळखीचा आहे, तो बाजरीवरचा. त्यावरचा उपाय आजही कृषी विद्यापीठे सांगतात : १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवायचे, बियाणे त्यात ओतायचे आणि ढवळायचे. रोगट, हलके दाणे वर तरंगतात, ते काढून टाकायचे. तळाला बसलेले निरोगी बियाणे साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. अरगटचे विष काळे आहे, हलके आहे आणि वेगळे आहे. म्हणून ते उचलून फेकता येते.

हा फरक धर्मविचारात किती खोल जातो, ते पाहण्यासारखे आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातला दाखला मराठी बायबल वाचणाऱ्यांना पाठ असतो. एकाने शेतात चांगले बी पेरले. लोक झोपेत असताना वैरी येऊन गव्हात निदण पेरून गेला. हे निदण म्हणजे गव्हासारखेच दिसणारे डार्नेल नावाचे गवत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याचे दाणे पिठात आले की माणूस झिंगतो, आणि त्या झिंगेचे मूळही त्याच्यात वस्ती करणाऱ्या बुरशीकडे नेले जाते. लॅटिनमध्ये त्याला मिळालेले ‘टेम्युलेंटम’ हे विशेषण म्हणजे ‘झिंगलेले’. धनी चाकरांना सांगतो, आत्ता उपटू नका, गहूही उपटला जाईल. कापणीच्या दिवशी निदण वेगळे करून जाळू. इथे वाईट बी दुसऱ्याने आणलेले आहे, त्याची जात वेगळी आहे, आणि त्याचा निवाडा युगाच्या शेवटी आगीत होणार आहे.

जैन आचार्यांच्या हाती धान्याच्या धुंदीचाच अनुभव होता, पण दाणा वेगळा होता. त्यामुळे त्यांचा सगळा विचार वेगळ्या दिशेने गेला.

पाचव्या-सहाव्या शतकातल्या पूज्यपाद देवनंदींचा ‘इष्टोपदेश’ ५१ श्लोकांचा आहे. त्यातल्या सातव्या श्लोकात त्यांनी हे धान्य आणले. मोहाने झाकलेल्या ज्ञानाला स्वतःचे स्वरूप गवसत नाही. मदनकोद्रव खाऊन मातलेल्या माणसाला समोरच्या वस्तू जशा आहेत तशा कळत नाहीत, तसेच हे. लगेच पुढच्या श्लोकात या धुंदीचे लक्षण सांगितले आहे. देह, घर, धन, पत्नी, मुले, मित्र, शत्रू हे सगळे आपल्याहून वेगळ्या स्वभावाचे असताना मूढ माणूस त्यांना ‘माझे’ म्हणतो. या यादीतला ‘शत्रू’ विलक्षण आहे. मित्राला आपण माझा म्हणतो, हे सगळेच उपदेशक सांगतात. शत्रूही तितक्याच घट्टपणे आपलासा केलेला असतो, त्याच्यावाचून आपले स्वतःचे चित्र पुरे होत नाही, हे पूज्यपादांना दिसले.

पण धुंदीच सांगायची होती, तर दारू का नको? दारूचा दृष्टांत जैन परंपरेला परका नव्हता. आठ कर्मांना ठरलेल्या आठ उपमा आहेत : ज्ञान झाकणारे कर्म पडद्यासारखे, दर्शन अडवणारे द्वारपालासारखे, आणि मोहनीय कर्म मद्यासारखे. तरीही श्रद्धेला भ्रम घालणाऱ्या दर्शनमोहनीयाची घडण उलगडायची वेळ आली की आचार्य मद्य बाजूला ठेवून कोद्रवाकडे वळतात. कारण दारू पिणाऱ्याला आपण काय पितो आहोत हे ठाऊक असते. त्याने पेला उचललेला असतो, निदान पहिला घोट तरी जाणूनबुजून घेतलेला असतो. कोद्रव खाणारा जेवायला बसलेला असतो. त्याने कोणताही मोह जवळ केलेला नाही. भूक लागली म्हणून घरचे अन्न खाल्ले. चुकीची दृष्टी माणसाकडे व्यसन म्हणून येत नाही. घरात शिजलेल्या, आईने वाढलेल्या, सगळे गाव खात असलेल्या घासातून ती येते. मिथ्यात्वाचे इतके अचूक आणि खाणाऱ्याला इतके समजून घेणारे वर्णन दुसरीकडे सहसा सापडत नाही.

या दृष्टांताला श्वेतांबर परंपरेतही मोठा मान आहे. आवश्यकनिर्युक्ती या ग्रंथात सम्यक् दृष्टीकडे जाण्याच्या वाटेसाठी नऊ दाखले मोजले आहेत : धान्याची कणगी, डोंगरातल्या नदीत घासून गोल झालेला दगड, मुंग्या, वाटसरू, वाट, ताप आलेला माणूस, कोद्रव, पाणी आणि कापड. सगळे रोजच्या जगण्यातले. कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या शेती करत आलेल्या मराठी जैनांना यातला एकही दाखला समजावून सांगावा लागू नये.

निर्युक्तीवर विस्तृत भाष्य लिहिणाऱ्या जिनभद्रांनी, सहाव्या-सातव्या शतकात, याच्याशी जोडलेला एक अवघड प्रश्नही हाताळला. महावीरांसमोर अग्निभूती हा पंडित आला आहे आणि त्याची शंका कर्माबद्दल आहे. कर्म जर मूर्त, म्हणजे जडद्रव्य असेल आणि आत्मा अमूर्त असेल, तर जडाचा अमूर्तावर परिणाम होईलच कसा? उत्तर थेट अनुभवातून येते : मद्याने ज्ञान बिघडते, औषधाने सुधारते, हे तर रोज दिसते. पोटात गेलेला पदार्थ जाणिवेला गढूळ करतो, हा प्रत्येकाच्या ओळखीचा पुरावा आहे.

नेमका हाच पुरावा चार्वाकांनीही दिला होता, उलट बाजूने. तांदूळ, गूळ यांत मुळात नशा नसते. किण्व घातले की त्यांच्यातच मदशक्ती उपजते. तसेच चार महाभूतांच्या मिश्रणातून चैतन्य उपजते, वेगळा आत्मा मानायचे कारण नाही, असे त्यांचे म्हणणे. किण्व म्हणजे आंबवण, आणि आंबवणातले काम करते यीस्ट, म्हणजे पुन्हा बुरशीच. भारतीय दर्शनातला सर्वांत मोठा वाद, जाणीव जडातून येते की जडाने झाकली जाते, हा दोन्ही पक्षांनी बुरशीच्या कामगिरीवर लढवला. आणि दोघांपैकी कोणालाही ती बुरशी दिसलेली नव्हती. आजच्या मेंदूविज्ञानाला सायक्लोपियाझोनिक आम्लाची रचना माहीत आहे, म्हणून हा वाद मिटला असे समजणे घाईचे ठरेल. रसायनाने जाणीव बदलते हे अग्निभूतीला दिलेल्या उत्तरातही मान्य आहे आणि चार्वाकालाही मान्य आहे. भांडण पुढच्या पायरीवर आहे : धुंदी उतरल्यावर जे उरते, ते आधीपासून होते की नव्हते?

जैनांचे उत्तर ‘आधीपासून होते’ असे आहे. आणि मग प्रश्न येतो, धुंदी उतरते कशी?

इथे कोद्रवाचा दृष्टांत खरा खुलतो. जिनभद्र म्हणतात की अपूर्वकरण नावाच्या आंतरिक प्रयत्नाच्या बळावर जीव मिथ्यात्वाचे तीन पुंज, तीन ढीग करतो, कोद्रवाचे करतात तसे. टीकाकार ही क्रिया उलगडून सांगतात. मदनकोद्रव शेण वगैरेंनी शुद्ध करायला घेतले, की काही दाणे पूर्ण शुद्ध होतात आणि चढत नाहीत. काही अर्धवट राहतात. काही होते तसेच मादक उरतात. कोकणातही हरीक वापरण्याआधी शेणाच्या पाण्यात भिजवून, वाळवून घेण्याची रीत होती. म्हणजे ही शास्त्रकारांची कल्पना नसून अंगणातली कृती होती.

दिगंबर परंपरेत दहाव्या शतकातल्या नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींनी ‘गोम्मटसार’मध्ये शेणाच्या पाण्याऐवजी जाते घेतले. जात्यात भरडलेल्या कोद्रवाचे जसे तीन भाग होतात, तसे पहिल्या उपशम सम्यक्त्वाच्या, म्हणजे मोह तात्पुरता दबल्याने उघडणाऱ्या दृष्टीच्या, जात्यात मिथ्यात्वाचे होतात. त्यांचे प्रमाणही सांगितले आहे. मिथ्यात्वाचा भाग सर्वांत मोठा, मिश्र त्याच्याहून असंख्यात पटींनी लहान, आणि शुद्ध भाग त्याच्याहूनही तितकाच लहान. हा हिशेब वाचताना कोणताही भाबडा उत्साह टिकत नाही. पहिल्यांदा डोळे उघडले, तरी कोठारातले बहुतेक धान्य अजून मादकच आहे.

आणि तो उघडा क्षणही छोटा आहे. उपशम सम्यक्त्व अंतर्मुहूर्तापुरते, म्हणजे ४८ मिनिटांच्या आतच टिकते. त्यानंतर तीनपैकी एखादा ढीग उदयाला येतो. मादक ढीग आला तर जीव पुन्हा मिथ्यात्वात. अर्धवट ढीग आला तर श्रद्धा आणि अश्रद्धा यांच्या मिश्रणात. शुद्ध ढीग आला तर सम्यक् दृष्टी चालू राहते. ज्यांना आयुष्यात कधीतरी एखादी गोष्ट लख्ख समजली आणि तासाभरात पुन्हा जुनाच माणूस अंगात आला, त्यांना या तपशिलातला प्रामाणिकपणा जाणवेल.

वेदान्तातली दोरी आणि साप यांच्या शेजारी हे ठेवले की फरक ठळक होतो. दिवा आणला की साप गेला. तो कधी नव्हताच. तिथे भ्रमाला काही वस्तुमान नाही. कोद्रवातला भ्रम पोटात गेलेला आहे, रक्तात भिनलेला आहे. दिवा लावून त्या माणसाला ताट दाखवले, तरी त्याची थरथर थांबणार नाही. दोरीचा दृष्टांत ज्ञानाची ताकद सांगतो, आणि ती थोर आहेच; पण खरे काय ते कळूनही जे वळत नाही, त्याचे उत्तर कोद्रवाकडेच मागावे लागते.

या सिद्धांतातली सर्वांत धीट गोष्ट शुद्ध ढिगाबद्दलची आहे. त्याचे नाव ‘सम्यक्त्व’ प्रकृती, पण तिची गणना मोहनीय कर्मातच होते. धुतलेला असला तरी दाणा मूळचा मदनकोद्रवाचा आहे. ज्या श्रद्धेला आपण सम्यक् म्हणतो, तिच्यातही मोहाचेच धुतलेले द्रव्य काम करत असते. तिन्ही ढिगांचा क्षय झाल्यावरच क्षायिक सम्यक्त्व येते. स्वतःच्या धर्मश्रद्धेचे इतके कठोर परीक्षण करणारी परंपरा आदराने वाचली पाहिजे. शुद्ध ढिगाच्या उदयात राहणाऱ्या श्रद्धेला गोम्मटसारात तीन दोष लावले आहेत : चल, मलिन आणि अगाढ. अगाढ म्हणजे म्हाताऱ्याच्या हातातल्या काठीसारखी, सुटत नाही पण हलत राहते. चल दोषाचे टीकाकारांनी दिलेले उदाहरण तर थेट आहे : आपण बसवलेल्या जिनबिंबाला हा माझा देव म्हणायचे आणि दुसऱ्याने बसवलेल्याला त्याचा. सगळी तीर्थंकर-बिंबे सारखीच, हे माहीत असूनही मन ‘माझे’ या शब्दाकडे सरकते. पूज्यपादांनी सांगितलेले धुंदीचे लक्षण इथे देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत येऊन पोहोचले आहे.

‘गोम्मटसार’ ज्याच्यासाठी रचला गेला, तो चामुंडराय म्हणजे श्रवणबेळगोळचा बाहुबली उभा करणारा गंग राजांचा मंत्री. गोम्मट हे त्याचेच दुसरे नाव. त्या बाहुबलीच्या पायाशी, ही मूर्ती चामुंडरायाने करवली असे सांगणारा लेख कोरलेला आहे, आणि तो मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक म्हणून मराठी वाचकाला शाळेपासून माहीत असतो. मूर्ती करवणारा आणि ग्रंथ ऐकणारा माणूस एकच आहे. त्याच्या गुरूंनी त्याला मूर्ती करवू नकोस म्हटले नाही, आणि श्रद्धेतला थरथरता भाग त्याच्यापासून लपवलाही नाही. चल, मलिन, अगाढ हे तीन दोष ज्या गाथेत सांगितले आहेत, त्याच गाथेच्या शेवटी नेमिचंद्रांनी नोंदवले आहे की ही सदोष श्रद्धासुद्धा नित्य कर्मक्षयाला कारण होते.